साल्गादो यांचे ‘जेनेसिस’: चित्रे पाहावीत, फोटोओळीही वाचाव्यात

‘जेनेसिस’ (म्हणजे ‘उत्पत्ती’) हे पुस्तक मांडीवर घेऊन वाचता येत नाही. साडेपस्तीस सेंटीमीटर उंचीची ५२० पाने आणि चार किलोंच्या आसपास वजन असलेल्या या ग्रंथाला मोठे टेबल लागते, किंवा जमिनीवर बसून समोर चौरंग तरी घ्यावा लागतो. एवढे करूनही पान उलटताना दोन्ही हात गुंततातच. ब्राझीलमध्ये जन्मलेले आणि आयुष्याचा मोठा भाग पॅरिसमध्ये घालवलेले कृष्णधवल छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो यांनी २००४ पासून आठ वर्षे जगभर फिरून टिपलेली निसर्गाची आणि आदिम जीवनपद्धती जपणाऱ्या समाजांची चित्रे टाशेन या जर्मन प्रकाशनसंस्थेने २०१३ मध्ये या रूपात प्रसिद्ध केली. संपादन त्यांच्या पत्नी लेलिया वानिक साल्गादो यांचे आहे. २३ मे २०२५ रोजी साल्गादो यांचे निधन झाले, आणि त्यांच्या कामाची नव्याने ओळख करून घेऊ पाहणारा वाचक बहुधा याच पुस्तकापाशी येऊन थांबतो. हजारांच्या घरातली रक्कम त्यावर खर्चावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती अट या ग्रंथासोबत येणाऱ्या एका पातळ पुस्तिकेशी संबंधित आहे.

साल्गादो हे मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. ब्राझीलमधील लष्करी राजवटीमुळे १९६९ मध्ये ते फ्रान्सला आले, आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी केली, आणि १९७३ मध्ये ती सोडून छायाचित्रणाकडे वळले. भारताशी त्यांचा परिचय जुना होता. धनबादच्या कोळसा खाणींतील कामगार त्यांनी १९८९ मध्ये टिपले, आणि १९९५ मधील त्यांचे चर्चगेट स्थानकाचे चित्र मुंबईकराला तर ओळखीचेच वाटेल: लोकल स्तब्ध आणि फलाटांवरची गर्दी जास्त वेळ उघड्या ठेवलेल्या शटरमुळे पाण्यासारखी वाहणारी. श्रम, स्थलांतर, दुष्काळ, युद्ध हे त्यांचे विषय होते. रवांडातील १९९४ चा नरसंहार पाहून ते शरीराने आणि मनाने इतके खचले की त्यांनी कॅमेरा जवळजवळ खाली ठेवला. त्यानंतर ब्राझीलमधील मिनास जेराइस राज्यात आयमोरेस गावाजवळ वडिलांची उजाड झालेली शेतजमीन त्यांच्याकडे आली, आणि तिथे पुन्हा जंगल उभे करावे ही कल्पना लेलिया यांनी मांडली. त्यातून १९९८ मध्ये ‘इन्स्टिट्यूटो टेरा’ ही संस्था स्थापन झाली आणि सुमारे ७०० हेक्टर जमिनीवर पुढे वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेली. झाडांबरोबर पक्षी आणि झरेही परत आले. ‘जेनेसिस’चा विचार या अनुभवातून जन्मला, आणि पुस्तकाच्या मनोगतातला सूर त्यामुळेच तक्रारीचा वाटत नाही, पृथ्वीचा जवळजवळ निम्मा भाग अजून शाबूत आहे आणि तो दाखवणे हे आपले काम आहे, अशी त्यांची भूमिका आहे.

पुस्तकाचे पाच भाग आहेत: दक्षिण ध्रुवाकडचा प्रदेश, गालापागोस आणि मादागास्करसारखी जैविक अभयस्थाने, आफ्रिका, उत्तरेकडचे प्रदेश, आणि शेवटी अ‍ॅमेझॉन व पांतानाल हा पाणथळ प्रदेश. सगळे भाग सारख्या ताकदीचे नाहीत. दक्षिणेकडचा पहिला भाग मला सर्वांत भक्कम वाटतो. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात २००५ मध्ये टिपलेला हिमनग घ्या. वरच्या बाजूला वाऱ्याने कोरलेला, किल्ल्याच्या बुरुजासारखा सुळका आहे आणि बहुतेकांची नजर तिथेच खिळते. मात्र भिंग घेऊन खालच्या बाजूला, पाण्याच्या रेषेजवळ पाहिले, तर बर्फावर गुळगुळीत झालेले आडवे पट्टे दिसतात. हिमनगाचे तुकडे निखळत गेले तसतसा तो पाण्यात वेगवेगळ्या पातळ्यांवर तरंगत राहिला, आणि लाटांनी प्रत्येक पातळीवर बर्फ घासून काढला. ते पट्टे म्हणजे त्या जुन्या पाणरेषा. एका क्षणाचे चित्र असूनही हिमनगाचा गेला काही काळ त्यात नोंदलेला आहे, आणि रंगीत छायाचित्रातल्या निळाईत हे पट्टे इतक्या ठळकपणे उठून दिसले असते असे मला वाटत नाही.

गालापागोस बेटांवरील सागरी इग्वानाच्या पायाचे चित्र याहून प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला ते घेतले आहे. चौकटीत केवळ एक पंजा आहे. पाच बोटे, लांब नख्या, आणि बोटांवर चढत जाणारे खवले, जे कुठे गोल तर कुठे चौकोनी आहेत आणि ज्यांच्यावर प्रकाश धातूवर पडल्यासारखा चमकतो. साल्गादो यांना त्यात मध्ययुगीन योद्ध्याचा चिलखती हातमोजा दिसला होता, आणि एकदा हे वाचले की आपल्यालाही दुसरे काही दिसत नाही. पण चित्राची खरी करामत वेगळी आहे. पाच बोटांचा हा हात आपल्या हाताचा दूरचा नातेवाईक आहे हे ते एकही शब्द न लिहिता सांगते. डार्विनच्या बेटांपासून प्रकल्प सुरू करण्यामागचा हेतू या एका चित्रातून पुरेसा कळतो.

साउथ सँडविच बेटांजवळच्या तिरप्या हिमनगावरून समुद्रात उड्या घेणारे चिनस्ट्रॅप पेंग्विन, आर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ पाण्याबाहेर उभी राहिलेली देवमाशाची शेपटी, अलास्कातील ब्रूक्स पर्वतरांगेत ढगांतून दरीत उतरलेला प्रकाश, ही चित्रेही याच तोलाची आहेत. आकाश मात्र काही ठिकाणी गरजेपेक्षा जास्त काळे केलेले आहे. ढगांच्या कडा उजळवून आणि भोवतीचे आभाळ गडद करून प्रत्येक दरीवर प्रलयपूर्व वातावरण आणले की वीस-पंचवीस पानांनंतर डोळा सरावतो आणि परिणाम ओसरतो. म्हणून हे पुस्तक एका बैठकीत पाहू नये.

तंत्राची बाजू समजून घेतली तर या चित्रांचा पोत अधिक कळतो. साल्गादो यांनी सुरुवात पेंटॅक्स ६४५ या मध्यम आकाराच्या फिल्म कॅमेऱ्याने आणि कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मवर केली. २००१ नंतर विमानतळांवरील तपासणी कडक झाली आणि फिल्मची रिळे वारंवार क्ष-किरणांखालून जाऊ लागली. परिणामी करड्या छटा बिघडू लागल्या, आणि २००८ मध्ये त्यांनी कॅननचा डिजिटल कॅमेरा स्वीकारला. सवयी मात्र फिल्मच्याच राहिल्या: निवड संगणकाच्या पडद्यावर न करता काँटॅक्ट शीट (एकाच कागदावर अनेक चित्रांच्या छोट्या प्रती) छापून, भिंगाखाली. डिजिटल चित्रांना ट्राय-एक्सचा दाणा, म्हणजे फिल्मवर दिसणारा बारीक रवाळ पोत, येण्यासाठी डीएक्सओ कंपनीची प्रणाली वापरली गेली आणि प्रदर्शनातील काही प्रतींसाठी तर डिजिटल फाइलवरून पुन्हा निगेटिव्ह बनवून जुन्या पद्धतीने छपाई केली गेली. शुद्धतावादी मंडळी यावर नाक मुरडतात. पुस्तक पाहताना फिल्मचे चित्र कोणते आणि डिजिटल कोणते हे सांगता येत नाही, आणि इतक्या वर्षांचे काम एकसंध दिसण्यासाठी ते आवश्यकच होते, असे माझे मत आहे.

माणसांच्या चित्रांकडे आल्यावर गोष्ट अवघड होते. दक्षिण सुदानमधील डिंका गुराख्यांची २००६ मधील चित्रे निर्विवाद थोर आहेत. संध्याकाळी गुरे तळावर परतलेली आहेत, कीटक दूर राहावेत म्हणून पेटवलेल्या शेणाचा धूर सर्वत्र भरून राहिला आहे, आणि त्या धुरात बैलांची अजस्र शिंगे एकामागे एक विरळ होत जातात. गुराख्यांनी अंगाला शेणाची राख फासलेली आहे. इथे कृष्णधवल माध्यम विषयाच्या आतून आलेले वाटते, कारण राख, धूर, कातडे आणि शिंग यांचे जगच मुळात काळ्या-पांढऱ्याच्या जवळचे आहे.

आता ब्राझीलच्या पारा राज्यातील झोए स्त्रियांचे २००९ मधील चित्र पाहा. तेही सुंदर आहे. रचना इतकी तोललेली आहे की जणू स्टुडिओत बसवून काढले असावे. या स्त्रिया अंगाला उरुकूचा लाल रंग लावतात. उरुकू म्हणजे आपल्याकडे शेंद्री म्हणतात तेच झाड, ज्याच्या बियांचा केशरी-लाल रंग खाद्यपदार्थांतही वापरतात. छायाचित्रात तो रंग मध्यम करडा होतो आणि त्वचेत मिसळून जातो. म्हणजे त्या स्त्रीने स्वतःला जसे सजवले, तेच नेमके चित्रातून नाहीसे होते, आणि उरते ती तिची नग्नता. पापुआ न्यू गिनीतील माउंट हेगन येथे रंगवलेल्या चेहऱ्यांनी आणि पिसांच्या शिरोभूषणांनी नटलेल्या नर्तकांची जी चित्रे आहेत, त्यांच्याबाबतही हेच म्हणावे लागेल. पिवळा, लाल, निळा या रंगांना तिथे अर्थ आहे. ते काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते, ते पाहणाऱ्याच्या मनातल्या ‘आदिम’ या कल्पनेला सोयीचे असते. माणसांच्या बाबतीत काळे-पांढरे करणे ही निव्वळ शैलीची बाब राहत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

याच माउंट हेगनच्या चित्रांपासून पुस्तिकेचा मुद्दा सुरू होतो. मुख्य ग्रंथात चित्राखाली एक ओळही छापलेली नाही. स्थळ, वर्ष, समाजाचे नाव, संदर्भ हे सगळे वेगळ्या पुस्तिकेत आहे आणि त्यासाठी पान क्रमांक जुळवत बसावे लागते. पाहणाऱ्याने आधी केवळ पाहावे, हा संपादकीय विचार समजण्यासारखा आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक लोक पुस्तिका उघडतच नाहीत. ती उघडली की कळते, हे नर्तक सिंग-सिंग या अनेक जमातींच्या नाच-गाण्यांच्या महोत्सवात सहभागी झालेले आहेत. हा महोत्सव १९६० च्या दशकात, ऑस्ट्रेलियाचे प्रशासन असताना सुरू झाला आणि आज त्याला पर्यटक तिकीट काढून जातात. याने नर्तकांची कला खोटी ठरत नाही. परंतु कालाच्या आरंभापासून अस्पर्शित राहिलेले जग पाहत आहोत, अशी जी समजूत ग्रंथाच्या नावाने आणि मांडणीने तयार होते, ती इथे टिकत नाही.

झांबियातील काफुए राष्ट्रीय उद्यानात २०१० मध्ये घेतलेले हत्तीचे चित्र याचे आणखी स्पष्ट उदाहरण आहे. धुळीतून झेपावणारा हत्ती पाहून कोणालाही वाटेल की हे रानाचे आदिम बळ आहे. फोटोओळ सांगते की चोरट्या शिकारीमुळे तिथले हत्ती माणसाला आणि गाड्यांना घाबरतात, आणि गाडी दिसली की झुडपांत पळ काढतात. चित्र ज्याला वैभव म्हणते, त्याला फोटोओळ भीती म्हणते. मला या पुस्तकात सर्वांत प्रामाणिक वाटलेली जागा हीच आहे, आणि ती मुख्य ग्रंथाच्या बाहेर ठेवलेली आहे.

काही गोष्टी तर पुस्तिकेतही पुरेशा येत नाहीत. सायबेरियातील यामाल द्वीपकल्पावर रेनडिअरचे कळप घेऊन स्थलांतर करणाऱ्या नेनेत्स लोकांबरोबर साल्गादो २०११ मध्ये चालले. गोठलेली ओब नदी, बर्फात रेंगाळणारी स्लेजची रांग, कातड्याच्या तंबूपाशी उभी माणसे, ही मालिका अप्रतिमच आहे. मात्र त्याच द्वीपकल्पावर बोवानेन्कोवो या प्रचंड नैसर्गिक वायुक्षेत्राचे काम त्या वेळी सुरू होते, तिथपर्यंत रेल्वेही पोहोचली होती, आणि २०१२ मध्ये तिथून वायू वाहू लागला. नेनेत्सांच्या चराऊ वाटांवर त्याचा काय परिणाम होतो, हा त्यांच्या आजच्या जगण्याचा मोठा प्रश्न आहे. चौकट कुठे कापायची हे छायाचित्रकार ठरवतो, आणि श्रम व स्थलांतरावरच्या आपल्या आधीच्या कामात ज्या साल्गादो यांनी अर्थव्यवस्थेला चौकटीत ओढून आणले होते, त्यांनीच इथे तिला चौकटीबाहेर ठेवले आहे.

अमेरिकन लेखिका आणि समीक्षक सुसान सोंटाग यांनी २००३ मध्ये साल्गादो यांच्या स्थलांतरितांवरील चित्रांबाबत आक्षेप घेतला होता की त्यांतील माणसांची नावे दिलेली नाहीत, आणि त्यामुळे माणूस आपल्या व्यवसायाचा, वंशाचा किंवा हालअपेष्टांचा नमुना होऊन बसतो. ‘जेनेसिस’मध्येही बहुतेक ठिकाणी समाजाचे नाव आहे, व्यक्तीचे नाही. आपल्याकडे सरकारी कॅलेंडरांवर आणि पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर ‘आदिवासी महिला’ एवढ्याच ओळीवर माडिया किंवा वारली स्त्रीचा चेहरा छापला जातो. ते खटकत असेल, तर परदेशातून आलेल्या जाड कागदावरही ते खटकायला हवे. साल्गादो यांना बहुधा हे पुढे जाणवले असावे. २०२१ मधील ‘अमाझोनिया’ या त्यांच्या ग्रंथात अनेक व्यक्तींची नावे सन्मानाने दिलेली आहेत, आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर तो फरक लगेच डोळ्यांत भरतो.

‘वाले’ या ब्राझिलियन खाण कंपनीचा उल्लेख टाळून या प्रकल्पाचे परीक्षण पूर्ण होणार नाही. ‘जेनेसिस’च्या प्रदर्शनाला या कंपनीचे प्रायोजकत्व होते, आणि २०१३ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये ते सुरू झाले तेव्हाच त्यावर टीका झाली. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना येथील खाणीच्या गाळाचे धरण फुटले. ते सामार्को या कंपनीचे होते, आणि तिची निम्मी मालकी वालेकडे. १९ माणसे मृत्युमुखी पडली आणि लोहखनिजाचा गाळ दोसे नदीतून थेट अटलांटिकपर्यंत गेला. आयमोरेस गाव याच दोसे नदीच्या काठी आहे. साल्गादो दाम्पत्याने उभे केलेले जंगल खरे आहे आणि त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. पण त्याच खोऱ्याची नदी ज्या उद्योगामुळे मेली, त्याच्या पैशाने निष्कलंक निसर्गाचे प्रदर्शन जगभर फिरले, हेही तितकेच खरे आहे. माझ्या लेखी यामुळे चित्रांची किंमत कमी होत नाही. ‘अस्पर्शित’ या दाव्यावरचा विश्वास मात्र कमी होतो.

वस्तू म्हणून पुस्तक कसे आहे, याबद्दलही सांगायला हवे. छपाई उत्तम आहे. काळा रंग दाट असूनही सावलीतला तपशील बहुतांशी टिकतो. दोष आहे तो बांधणीच्या घडीचा. ग्रंथाचा आकार उभा आहे आणि निसर्गचित्रे बहुतांशी आडवी, त्यामुळे अनेक चित्रे दोन पानांवर पसरली आहेत आणि मधल्या घडीत काही ना काही हरवते. उलगडून पाहायची दुमडीची पाने या अडचणीवरचा उपाय आहेत, आणि तिथे चित्र श्वास घेते. मात्र घरात लहान मुले असतील तर ती पाने आपणच उलगडून दाखवावीत. संग्राहकांसाठीची दोन खंडांची महाकाय आवृत्ती ७० सेंटीमीटर उंचीची असून तिच्याबरोबर जपानी वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी रचलेले, पुस्तक ठेवण्याचे लाकडी व्यासपीठ मिळते. तिची किंमत पाहता ती संग्रहालयांसाठीच आहे असे समजून पुढे जावे.

मुंबई-कोकणच्या हवेत या पुस्तकाची निगा राखणे हे वेगळेच काम आहे. जाड, गुळगुळीत कागद पावसाळ्यात दमट होऊन पाने एकमेकांना चिकटू शकतात, आणि उभे ठेवले तर स्वतःच्या वजनाने बांधणी सैल पडते. आडवे ठेवावे, भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहाव्यात आणि पाने हाताळताना हात कोरडे असावेत; काळ्या पानांवर बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि पुसून जात नाहीत.

छायाचित्रण शिकणाऱ्याने हे पुस्तक घ्यावे, कारण करड्या छटांचा इतका विस्तार एका जागी पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. आदिवासी समाजांविषयी जाणून घेण्यासाठी घेणाऱ्याने मात्र केवळ यावर विसंबू नये. जुन्या पुस्तकांच्या बाजारात किंवा ऑनलाइन वापरलेली प्रत घेत असाल तर विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारा: मागची फोटोओळींची पुस्तिका आहे का? ती सुटी असल्याने हमखास हरवलेली असते. पुस्तिका नसेल आणि प्रत स्वस्त असेल, तरी ती घेऊ नये. थोडे थांबून पूर्ण प्रत शोधावी, आणि मिळाल्यावर पुस्तिका शेजारी उघडी ठेवूनच पाने उलटावीत.